आवणीची पुडी

आषाढ लागला की आमच्या भागातली माणसं भोरच्या मेडिकलमध्ये येतात आणि गोळीचं नाव न घेता औषध मागतात. अंगावरून पाणी निथळत असतं, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ असते, आणि पायरीवरूनच आवाज येतो, "उद्या आमची आवणी हाय. पंधरा बायांच्या पुड्या बांधा." आवणी म्हणजे भाताची लावणी. कुठल्या बाईला काय आजार आहे, हे कुणी विचारत नाही. दुकानात पांढऱ्या कागदाचे चौकोन कापून तयार असतात. प्रत्येक चौकोनावर तीन गोळ्या पडतात. एक अंगदुखीची, एक पित्ताची आणि एक अगदी बारीक. कागदाची घडी होते, पुड्या पिशवीत जातात आणि माणूस एसटी गाठायला पळतो.

ती बारीक गोळी स्टेरॉइडची असते. हे मला फार्मसीच्या कॉलेजात गेल्यावर कळलं. तोपर्यंत आमच्या घरात तिला वेगळं नाव नव्हतं, सगळ्या मिळून ती नुसती पुडी होती.

आमचं गाव हिर्डोशीच्या पुढे, वरंधा घाटाच्या अंगाला. आमच्याकडे आवणीला मजुरीने बाया मिळत नाहीत, सावडीने मिळतात. म्हणजे आज सगळ्याजणी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. ज्याच्या खाचरात काम, त्याने सकाळी बांधावर चहा-बटर द्यायचं, दुपारी भाकरी-कालवण द्यायचं, आणि सकाळच्या चहाबरोबर पुडी द्यायची. लग्नात पानसुपारीचं तबक फिरवावं तशी पुड्यांची ताटली फिरते. वेल्ह्याला माझ्या आजोळीही हेच. पुडी घेतली की कंबर कळत नाही, दिवसभर वाकून राहता येतं आणि अंधार पडायच्या आत खाचरं भरतात. ज्याने पुडी दिली नाही तो चिक्कू. एखादीला नको असली तरी ती घेते, कनवटीला लावते आणि घरी नेऊन फणीच्या डब्यात टाकते. पुढे कुणाचा दात दुखला, कुणाला ताप आला, की डबा उघडतो.

आषाढ संपत येतो तशी काही बायांची तोंडं भरून येतात. गाल वर येतात. लोक कौतुकाने म्हणतात, "हिला आवणी मानवली." माझ्या थोरल्या चुलतीला, म्हणजे काकींना, दरवर्षी आवणी मानवते. मग श्रावण लागला की त्याच बाया पडतात. सकाळी उठवत नाही, अन्न जात नाही, उभं राहिलं की चक्कर येते. त्याला आमच्याकडे उपवास बाधले असं म्हणतात.

कॉलेजात एका तासाला मॅडमनी फळ्यावर गोल चेहरा काढला आणि सांगितलं की स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं की चेहरा असा चंद्रासारखा होतो. वर्ग हसला. मी वहीत गोल काढला आणि मला काकी दिसल्या. मग मॅडम म्हणाल्या, बरेच दिवस घेतलेली ही गोळी एकदम तोडायची नाही, कारण शरीर जे स्वतः तयार करत होतं ते करायचं थांबलेलं असतं. तेव्हा मला आमचा श्रावण आठवला. पुढचं मी काही लिहून घेतलं नाही.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. डी.फार्म.ची दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि भोरच्या एका मेडिकलमध्ये मी प्रशिक्षणाला लागले. तिथल्या फार्मासिस्टची सही आणल्याशिवाय आमची नोंदणी होत नाही. दुकानाचे मालकच फार्मासिस्ट होते. त्यांना मी काका म्हणायचे. माणूस वाईट म्हणता येणार नाही. भिंतीवर दुसऱ्याचं सर्टिफिकेट लावून धंदा करणाऱ्यांतले ते नव्हते, दिवसभर स्वतः उभे असत. अँटिबायोटिक मागायला आलेल्याला चिठ्ठी आण म्हणून परत पाठवत. मुदत संपलेली औषधं निगुतीने वेगळी काढत. त्यांचा कायदा फक्त आवणीपुरता सुट्टीवर जायचा.

"ये गं, हात लाव जरा," एका दुपारी ते म्हणाले. समोर कागद पसरलेले होते. "तुझ्याच बाजूची गर्दी आहे."

मला पटकन बोलता येत नाही. त्यातून मोठ्या माणसाला नाही म्हणायचं म्हणजे आणखीच अवघड. मी हात ओढणीत गुंडाळले आणि म्हणाले, "काका, मी नाही बांधणार."

"का? कागद टोचतो?"

"यात नाव नाही, तारीख नाही. चिठ्ठी नाही. कोण खाणार ते आपल्याला माहीत नाही."

काउंटरच्या पलीकडे पुड्यांसाठी थांबलेला माणूस म्हणाला, "पोरी, बाया खानार हायेत. म्हशी न्हाईत."

दोघेही हसले. पुड्या काकांनीच बांधल्या. तो माणूस गेल्यावर मात्र ते जरा बाजूला आले आणि नीट बोलले. "हे बघ, कायदा मी तुझ्याआधी शिकलोय. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही गोळी द्यायची नाही, मला माहीत आहे. पण चिठ्ठी आणायची म्हणजे तुझ्या गावच्या बाईने दिवस मोडायचा. आवणीत कोण दिवस मोडतं? मी नाही म्हटलं तर तो पुढच्या दुकानात जाईल. तिथं नाही मिळाली तर गावातल्या किराण्यात, मिरचीच्या बरणीशेजारी मिळेल. माझ्याकडची गोळी निदान खरी असते."

मी म्हणाले, "तरी मी नाही बांधणार."

"सही माझी लागणार आहे तुला," ते म्हणाले. थट्टेने म्हणाले असावेत. मग त्यांनी मला कपाटातल्या सिरपच्या बाटल्या लावायला सांगितल्या.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. शनिवारी आमची पाळी होती.

"येताना पुड्या आन. तितंच हायेस तर."

"आई, मी नाही आणणार."

"का? संपल्यात व्हय?"

"संपल्या नाहीत. मी आणणार नाही."

आई म्हणाली, "फोनवर शानपन नगं. समद्यांनी दिल्यात, आपुन न्हाई दिल्या तर बाया तोंडावर थुकतील," आणि फोन बंद झाला.

काकांनी ऐकलं होतं. शुक्रवारी मी निघताना त्यांनी एक पिशवी पुढे केली. "घे. माझ्याकडून. पुतणीच्या घरची आवणी समज." त्यांनी प्रेमाने दिली होती, म्हणूनच नाकारायला जास्त जड गेली. मी पिशवी काउंटरवर परत ठेवली आणि "नको काका" म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. मी साध्या तापाच्या गोळ्यांच्या पट्ट्या बिल करून घेतल्या. पट्टीवर नाव होतं, तारीख होती. बरोबर चोळायच्या मलमाच्या डब्या घेतल्या आणि एसटीत बसले.

घरी आईने पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. "ह्या? ह्या तर आशाताई फुकट देती."

वडील म्हणाले, "सकाळी उजाडताच मी गाडी काढतो. जाऊन आनतो."

"आणल्या तर त्यात काय आहे ते मी बांधावर सगळ्यांना सांगेन," मी म्हणाले. हे असं काही मी बोलणार आहे, हे मलाही आधी माहीत नव्हतं.

आईच्या हातातली परात खाली आपटली. "आन् बाया बांधावरनं माघारी गेल्या तर? रोप काय तुझ्या पुस्तकात लावायचं?"

तिचं चुकत नव्हतं. शनिवार हुकला की सावडीत आमची पाळी सगळ्यांच्या शेवटी जाणार. आमचं रोप वाढलेलं होतं. आणखी थांबलं असतं तर निबर झालं असतं, आणि निबर रोपाला फुटवा धरत नाही. आमच्या घरात वर्षभराचा भात त्याच खाचरांतून येतो, दुसरं शेत नाही. आणि मी ते सगळं एका कागदाच्या घडीसाठी अडवून बसले होते.

जेवताना मी पुन्हा बोलले. खाली बघून बोलले. "आई, ही पुडी आपण बायांच्या कंबरेसाठी देतो का?"

"मंग कशासाटी?"

"आपलं खाचर एका दिवसात उरकावं म्हणून देतो. त्यांच्याकडे तू जातेस तेव्हा त्या तुला देतात, ती त्यांचं उरकावं म्हणून. कंबर कुणाचीच कुणी बघत नाही."

"गप जेव," आई म्हणाली.

सकाळी वडिलांनी गाडीवरचा कागद काढला तेव्हा आई चुलीपासून ओरडली, "ऱ्हाऊ द्या. रस्ता लई निसरडा झालाय." रस्ता रोजच्यासारखाच होता. वडिलांनी कागद परत गाडीवर टाकला आणि ते बैल सोडायला गेले.

बाया आल्या. प्लास्टिकचे कागद डोक्यावरून पाठीवर बांधलेले, साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या. बांधावर चहा फिरला, बटर फिरलं. मग सगळ्याजणी कप हातात धरून तशाच बसून राहिल्या. माझी थोरली चुलती आवणीत सगळ्यांत पुढे असते. तिची ओळ बघून बाकीच्या आपली ओळ धरतात. तिनेच विचारलं, "ताटली आज बटरावरच भागली का काय?"

आई माझ्याकडे बघेना. मी उभी राहिले. पुडीत कुठली गोळी असते, ती का आणू दिली नाही, हे मी सांगितलं. घरी येताना एसटीत पाठ केलेलं निम्मं विसरले. बाकीचं भराभर बोलून टाकलं.

"डाक्टरीन झाली बग," एकजण म्हणाली.

"डाक्टरीन कुटली, मेडिकलवाली."

"मेडिकलवालीच्या घरी पुडी न्हाई. हाटेलवाल्याच्या घरी च्या न्हाई म्हन."

हशा झाला. मी म्हणाले, "काकी, तुमचं तोंड भरून येतं ते आवणी मानवली म्हणून नाही. ती सूज आहे."

"माजं तोंड माज्या घरचं खाऊन सुजलंय," काकी म्हणाल्या. "पुडी न्हाई तर माज्यानं वाकवत न्हाई. कंबर काय सरकारी हाय व्हय?" आणि त्या बांधावर मांडी घालून बसल्या. बाकीच्या त्यांच्याकडे बघून तशाच बसल्या.

मला अजून एक सांगायचं होतं आणि ते सांगितल्याशिवाय राहणं बरोबर नव्हतं. "पण काकी, तुम्ही एकदम बंद पण करू नका. तुम्ही गुडघ्यासाठी उन्हाळ्यातही घेता. तुम्ही माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात चला, डॉक्टर हळूहळू कमी करतील."

काकींनी कप खाली ठेवला. "आता गं बया! मगाधरनं म्हनती खाऊ नगा, आता म्हनती सोडू नगा. ठरव की काय ते."

या वेळी हशा एवढा झाला की खालच्या खाचरातले बैल थांबले. काकींनी कनवटीतून स्वतःची पुडी काढली, माझ्याकडे बघत उघडली आणि चहाच्या घोटाबरोबर गिळली. एकदम तोडू नका, असं मीच नुकतं सांगितलं होतं. स्वतःजवळची पुडी खर्चावी लागली, याचा त्यांना जास्त राग आला होता. आणखी दोघीतिघींनी कनवटी चाचपल्या. बाकीच्यांकडे नव्हती. त्या उठेनात.

तेव्हा आई चिखलात उतरली. रोपाची जुडी सोडली आणि बायांकडे तोंड करून म्हणाली, "आज उरकाया नगं. कंबर भरली की हुबं ऱ्हावा. व्हईल तेवढं आज, ऱ्हायलेलं मागनं."

"मागनं कदी?" काकींनी विचारलं. "उद्या माजी पाळी हाय."

"तुजं झाल्याव."

"म्हंजे तुज्यात दोन दीस. आन् आमच्यात तू किती येनार?"

"दोन दीस," आई म्हणाली. "परतेकीच्यात."

"आगं ए!" वडील खालच्या खाचरातून ओरडले. आईने मागे वळून पाहिलं नाही.

सावडीत असं कुणी बोलत नाही. एका दिवसाला एक दिवस, हाच व्यवहार असतो. आई सगळा आषाढ आणि वर थोडा श्रावण लोकांच्या चिखलात घालवायला तयार झाली होती, माझ्या एका नाहीपायी. मला तिथेच रडू येईल असं वाटलं, म्हणून मी पटकन उतरले आणि तिच्या शेजारची ओळ धरली. थोड्या वेळाने बाया एकेक करून उतरल्या. काकी सगळ्यांत शेवटी उतरल्या आणि पाहता पाहता सगळ्यांच्या पुढे गेल्या.

दिवस फार हळू गेला. हे मी मान्य करते. दुपारपर्यंत एरवी जेवढं होतं त्याच्या निम्मंही झालं नव्हतं. पुडी न घेतलेल्या बाया दर थोड्या वेळाने उभ्या राहायच्या, पाठीवर हात ठेवायच्या, कण्हायच्या आणि मला नावं ठेवायच्या. "आगं आई गं, ही पोरगी मारती आज." पण कण्हणं ऐकू येत होतं. एरवी आवणीत कुणी कण्हत नाही. माझी स्वतःची कंबर तर दुपारच्या आधीच गेली होती. मला समजलं की बाया ती पुडी का मागतात. ते कळूनही मला ती द्यावीशी वाटली नाही. जेवताना तापाच्या गोळ्या काहींनी घेतल्या, आधी पट्टीवरचं नाव माझ्याकडून वाचून घेऊन. मलमाच्या डब्या मात्र सगळ्याच संपल्या.

अंधार पडला तेव्हा वरची खाचरं तशीच राहिली होती. वडील जेवले नाहीत. रविवारी काकींची आवणी झाली, पुड्यांसकट, एका दिवसात. सोमवारी मी दुकानात असताना आईचा फोन आला. "आल्या बाया. समद्या न्हाई, पर आल्या. सांजच्याला हुईल." रोपाचे शेंडे थोडे पिवळे पडले होते, असंही ती म्हणाली. पण लागलं. सगळं लागलं.

मंगळवारी काकांनी विचारलं, "झाली का आवणी?"

"झाली. दोन दिवस लागले."

"पुड्यांशिवाय?"

"हो."

ते समोरच्या गिऱ्हाइकासाठी कागद मांडायला लागले. त्या दिवसापासून मी एक सुरू केलं आहे. पुड्या घेऊन कुणी निघालं की मी काउंटरच्या कडेला उभी राहून विचारते, "बायांत कुणाला शुगर आहे का? या गोळीने ती वाढते. कुणी रोज घेतंय का? रोज घेणारीने एकदम तोडायची नाही, दवाखान्यात जायचं." बहुतेक लोक हात झटकून जातात. एकजण पायरीवरून परत आला आणि आपल्या बायकोची पुडी काढून ठेवून गेला. तिला शुगर होती.

"गिऱ्हाईक पळवशील माझं," काका चिडून म्हणाले.

"मग सही देऊ नका," मी म्हणाले. "पण मी विचारणार."

प्रशिक्षण अजून संपायचं आहे. सही व्हायची आहे. काकी दवाखान्यात अजून आलेल्या नाहीत. मी गावी गेले की विचारते आणि त्या दरवेळी म्हणतात, "आवनी तर हुंदे."

दोन दिवसांचा शब्द आईने मोडला नाही. एक दिवस काकींच्या भातात गेला होता. दुसरा त्यांनी वरच्या माळावरच्या नाचणीसाठी मागून घेतला. तो रविवार होता, म्हणून मीही गेले. उतारावर धुकं होतं. चहा झाला, बटर झालं आणि काकी ताटली घेऊन आल्या. बायांनी एकेक पुडी उचलली. ताटली आईसमोर आली तेव्हा सगळ्या बघत होत्या.

"घे की. तुज्या पोरीनं न्हाई दिली, म्या देती."

"नगं," आई म्हणाली.

ताटली माझ्यासमोर आली. मी हात जोडले. काकींनी ओठ मुरडले आणि ताटली पुढे नेली.

बाया ओळीने वाकल्या आणि वर सरकत गेल्या. आम्ही दोघी मागे पडलो. थोड्या वेळाने आईने हातातली रोपं खाली ठेवली, कंबर धरली आणि सरळ झाली. तिच्यापाठोपाठ मीही झाले. सगळ्या उतारावर आम्ही दोघीच उभ्या होतो, लांबून रस्त्यावरूनही दिसत असू.

काकींनी वाकूनच मान वळवली. "आगं मायलेकी, लावाया आलाय का हुबं ऱ्हायाला?"

"दोनीला," आई म्हणाली, आणि तिने वाकायची काही घाई केली नाही.